मुधोळची जनी

पेपरात दरवर्षी डिसेंबरात 'निफाड गारठले' अशी बातमी येते ना, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा अमुक अंशावर वगैरे, तेच आमचं निफाड. पेपर वाचणाऱ्यांना ती गंमत वाटते, आमच्याकडे मात्र पहाटे तीन-चारला उठून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, कारण पारा फार खाली गेला की द्राक्षाच्या मण्यांना तडे जातात. तर अशा ऐन दिवसांत, बागेत डिपिंगची (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायची) धावपळ चालू असताना, मी आणि माझे सासरे गाडी काढून कर्नाटकात कुत्र्याचं पिल्लू आणायला गेलो. जाऊन-येऊन साडेअकराशे किलोमीटर. गावात अजून लोक थांबवून विचारतात, वहिनी, खरंच नुसत्या कुत्र्यासाठी गेला होता का?

हो. नुसत्या कुत्र्यासाठी.

आमचा राजा होता आधी, साधा गावठी, तांबूस रंगाचा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या उसातनं बिबट्या आला आणि त्याला ओट्यावरनं घेऊन गेला. कुणाला आवाजसुद्धा आला नाही, सकाळी बघतो तर साखळी आणि तुटलेला पट्टा. आमच्या पट्ट्यात ही काही नवलाची गोष्ट नाही, निम्म्या वस्त्यांवर कुणाचं ना कुणाचं कुत्रं असंच गेलेलं आहे. नानांनी (म्हणजे सासऱ्यांनी) तो पट्टा उचलला, पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला अडकवला आणि म्हणाले आता कुत्रं नको. त्यानंतर कुणी विषय काढला नाही.

मग या दिवाळीत फराळ करता करता स्वतःच म्हणाले, मुधोळ आणू. मुधोळ म्हणजे कर्नाटकातल्या मुधोळ गावची शिकारी कुत्र्यांची जात.

झालं असं होतं की तरुणपणी ते कांद्याच्या ट्रकबरोबर बेळगावच्या बाजूला जायचे. तेव्हा एकदा त्यांनी रस्त्याकडेच्या शेतात एक सडपातळ कुत्रं सशामागं पळताना बघितलं होतं. "पळत नव्हतं गं, सुटलं होतं," असं म्हणतात ते. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते कुत्रं त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यात २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ हाउंड होतं, तेव्हापासून आमच्या घरी मुधोळचा विषय निघाला की नानांचा चेहरा असा व्हायचा की जणू शिफारस यांनीच केली होती. आणि आता त्यांचं गणित असं की मुधोळ एवढं जोरात पळतं की बिबट्याच्या हाताला लागणार नाही.

मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, जनावरांच्या. ते हसले. म्हणाले कुत्रं कितीही पळू दे, बिबट्या काय आधी कळवून येतो का? रात्री आत घ्या, पक्क्या दाराच्या आत, दुसरा उपाय नाही. मग आई (सासूबाई) म्हणाल्या, "आणा काय आणायचंय ते, पण उंबऱ्याच्या आत येणार नाही एवढं ध्यानात ठेवा." म्हणजे बाहेर बिबट्या आणि आत आई. हा तिढा न सोडवताच आम्ही निघालो.

नवऱ्याला बाग सोडून हलणं शक्य नव्हतं, नानांना रात्रीचं नीट दिसत नाही, राहिले कोण तर मी. मला गाडी चालवायला आवडते हे खरं, पण सासऱ्यांबरोबर तीन दिवस गाडीत काय बोलायचं याचं टेन्शन मला रस्त्यापेक्षा जास्त होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आमचं बोलणं म्हणजे चहा देऊ का, औषध घेतलं का, लाईट आली का.

तयारी म्हणाल तर एक द्राक्षाचं क्रेट, त्यात जुनी सतरंजी, जुने पेपर, गरम पाण्याची पिशवी, दोन टॉवेल, आणि डॉक्टरांनी बजावून सांगितलेल्या गोष्टी: आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू उचलू नका, निघायच्या आधी दोन-तीन तास पोटभर खायला देऊ नका, लसी पूर्ण नाहीत तोवर हायवेच्या ढाब्यावर जमिनीवर सोडू नका कारण पार्वो (पिल्लांचा जीवघेणा आजार) कुठनं चिकटेल सांगता येत नाही, आणि ऊब धरा. या जातीच्या अंगावर चरबी नसते, केस आखूड, त्यात लहान पिल्लाला स्वतःची ऊब नीट राखता येत नाही.

नकाशा सांगत होता पुणे-सांगलीवरून जा. नाना म्हणाले पंढरपूरवरनं जायचं. म्हटलं नाना, आपण कुत्र्यासाठी चाललोय. तर म्हणे, "नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन कुत्र्याच्या मागं पळाले होते. आपण तर गाडीत चाललोय." यावर काय बोलणार. ठरलं, जाताना त्यांचा रस्ता, येताना माझा.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. धुकं असं की बोनेटच्या पुढचं दिसत नाही, आतनं काच पुसायची, बाहेरनं वायपर, तरी तेच. नाना शेजारी कानटोपी, स्वेटर, त्यावर शाल, मांडीवर आईंनी दिलेला डबा घट्ट धरून. येवला जाईपर्यंत कुणी बोललं नाही. कोपरगावला गोदावरीवर आलो तेव्हा कुठं जरा फटफटलं. पुढं नगर-मनमाड रस्त्याबद्दल मी काही लिहीत नाही, जे गेलेत त्यांच्या कमरेला माहीत आहे. शिर्डीत वर्षअखेरीची गर्दी. नगर (आता अहिल्यानगर, पण नानांच्या तोंडात नगरच) ओलांडून करमाळ्याच्या अलीकडं एका झाडाखाली डबा उघडला, बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, आणि तिथं नानांनी पहिल्यांदा काहीतरी विचारलं: "हे मुधोळ म्हणजे त्या घोरपड्यांचंच ना?"

मी मोबाईलवर वाचून ठेवलं होतं. म्हटलं हो, तेच. ज्या बाजी घोरपड्यांनी जिंजीजवळ शहाजीराजांना कैद केलं, त्यांचंच मुधोळ. नानांचा घास हातातच राहिला. "मग त्यांच्या गावचं कुत्रं आणायचं?" असं अगदी मनापासून विचारलं त्यांनी. मी सांगितलं की नाना, ते १६४८ चं प्रकरण आहे, कुत्र्याचा काही दोष नाही त्यात. आणि याच घराण्यातल्या मालोजीराव घोरपड्यांनी पुढं विसाव्या शतकात ही जात निवडून, जोपासून नावारूपाला आणली, पंचम जॉर्जला एक जोडी भेट दिली, म्हणून मुधोळचं नाव लागलं. नाहीतर आपल्याकडं सांगली-कोल्हापूर-सोलापुरात याला कारवानीच म्हणतात, केनेल क्लबच्या कागदावर पण कॅरव्हान हाउंडच असतं. काफिल्यांबरोबर अरबस्तान-मध्य आशियाकडनं आली म्हणून कारवान, असं सांगतात. (शिवाजी महाराजांच्या सैन्यात मुधोळ कुत्री होती असाही एक फॉरवर्ड फिरतो, पुरावा मात्र कुणी जोडत नाही, त्यामुळे तो मी नानांना सांगितला नाही. सांगितला असता तर बाजी घोरपड्यांना एका मिनिटात माफी मिळाली असती.)

टेंभुर्णीजवळनं उजनीचं पाणी लागतं, तिथनं पुढं ऊसच ऊस. हिवाळ्यातला सोलापूर-सांगलीचा रस्ता ज्याने चालवलाय त्याला कळेल, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस बाहेर लोंबतोय, मागं ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर, आणि डेक इतका मोठ्यानं की त्याला आपला हॉर्न ऐकूच जात नाही. दिवसा ठीक, अंधार पडल्यावर मात्र एकदम समोर काळी भिंत उभी राहते. पंढरपुरात पोचलो तेव्हा माझे खांदे आखडले होते. दर्शनाची रांग बघून मुखदर्शनावर भागवलं. नाना मात्र नामदेव पायरीपाशी बराच वेळ उभे होते, काय बोलले विठ्ठलाशी कुणास ठाऊक.

रविवारी सकाळी मंगळवेढा. मला वाटलं होतं नुसतं ओलांडून जाऊ, पण दोन्ही बाजूंनी ज्वारी अशी उभी की नानांनी गाडी थांबवायला लावली. ज्वारीचं कोठार म्हणतात ते उगीच नाही, काळी भुई आणि तीवर पाणी न देता नुसत्या ओलीवर आलेली मालदांडी, कणसं अजून हुरड्यात. द्राक्षबागायतदार माणूस, वर्षाला औषधांवर लाखांनी घालणारा, तो बांधावर उभा राहून एक कणीस तळहातावर चोळत होता आणि म्हणत होता, "हिला काहीच लागत नाही गं. काहीच." मग जतला त्यांच्या ओळखीच्या एका बागायतदाराकडं चहा झाला आणि निघताना त्यांनी दोन किलो बेदाण्याची पिशवी गाडीत टाकली. या पिशवीचं पुढं सांगते.

अथणीपासनं पाट्या कानडी. हे तेच अथणी जिथं कोल्हापुरी चपला बनतात, कोल्हापुरीच्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत हे कोल्हापूरकरांना सांगून बघा एकदा. कृष्णेचा पूल, जमखंडी, मग वीसेक किलोमीटरवर मुधोळ. दुपारचा एक वाजला होता.

आणि इथं आमची फजिती. ज्याच्याशी महिनाभर फोनवर बोलत होते, ज्याला दोन हजार रुपये ॲडव्हान्स पाठवला होता, त्याने एका गोठ्याच्या मागं नेऊन जे पिल्लू दाखवलं ते जेमतेम महिन्याचं, डोळे चिकटलेले, पोट फुगलेलं, आणि आई कुठंय विचारलं तर म्हणे शेतावर. शेत कुठंय, तर लांब आहे. मी फोनवर साठ दिवसांचं सांगितलं होतं याची आठवण करून दिली तर हसत म्हणाला, मॅडम छोटंच चांगलं, लवकर लळा लागतो. मला त्या पिल्लाकडं बघवत नव्हतं, एकदा वाटलं हेच उचलावं, इथं राहिलं तर जाईल. नानांनी माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं. म्हणाले, "हे घेतलं तर तो उद्या अजून एक असंच आणून ठेवील." दोन हजार गेले. ते पिल्लू अजून कधी कधी डोळ्यासमोर येतं.

मुधोळजवळ तिम्मापूरला कुत्र्यांचं संशोधन केंद्र आहे, बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं, खरं तर शहाण्या माणसानं आधी तिथं चौकशी करावी. आम्ही शहाणे नव्हतो. स्टँडजवळच्या चहावाल्याला नानांनी सगळी कहाणी मराठीत सांगितली, त्याने कानडीत कुणाला तरी फोन केला, आणि लोकापूरच्या बाजूच्या एका वस्तीचा पत्ता मिळाला. शेतकरी घरं, दाराशी बैल, आणि अंगणात ती.

पिल्लांची आई म्हणते मी. मी आतापर्यंत फोटोच बघितले होते. समोर बघितल्यावर पहिल्यांदा काय वाटतं तर हिला खायला देतात का नाही, कारण बरगड्या मोजता येतात. पण मग ती चालते, आणि लक्षात येतं की हे उपाशी अंग नाही, घोटीव अंग आहे, पोट वर ओढलेलं, छाती खोल, मान लांब, तोंड निमुळतं. ती भुंकली नाही. शेपटी हलवली नाही. आमच्यापासनं दहा-बारा फुटांवर उभी राहून नुसती बघत राहिली, नाना हात पुढं करून च्च्च च्च्च करायला लागले तर एक पाऊल मागं. घरातला मुलगा म्हणाला, हात लावू नका, परक्यानं अंगाला हात लावलेला हिला चालत नाही. नानांनी चटकन हात मागं घेतला, एखाद्या मोठ्या घरच्या बाईपुढं चूक झाल्यासारखा.

घरात एक अज्जी होती, ऐंशीची तरी असेल. "बर्री बर्री" करून आत बोलावलं, बसल्या बसल्या ज्वारीची रोट्टी, भरली वांगी, शेंगाचटणी पुढं. "ऊटा माडरी." तिला मराठी समजायचं, बोलता येत नव्हतं, नानांना कानडी शून्य, तरी दोघांचं तासभर चाललं होतं. विषय पाऊस, गुडघे आणि सुना. सुना हा शब्द आला की दोघं माझ्याकडं बघायचे.

पिल्लं पाच होती, दोन महिने पूर्ण झालेली, पहिली लस टोचल्याचं कार्ड होतं. नर तीन, तिन्ही आधीच सांगून ठेवलेले. राहिल्या दोन माद्या. मुलगा जरा ओशाळून म्हणाला, मादी लोक घेत नाहीत. अज्जी मागनं म्हणाली, "हेण्णू, हेण्णू," म्हणजे पोरगी, आणि एक पिल्लू मानेला धरून नानांच्या मांडीवर ठेवलं. भुरा रंग, पुढच्या एका पायाची बोटं पांढरी, पाय म्हणजे चार काड्या, कान अंगापेक्षा मोठे. तिने नानांच्या स्वेटरच्या बटणाचा वास घेतला, मग बटण तोंडात धरलं आणि तशीच झोपली. आठ हजार सांगितले. नाना सात म्हणाले. अज्जीने मान हलवली. आठ.

त्या रात्री मुधोळला लॉजवर राहिलो आणि सोमवारी सकाळी पिल्लू घ्यायला परत गेलो. निघताना अज्जी आत गेली आणि हातभर फाटकी कौदी घेऊन आली. कौदी म्हणजे आपली गोधडी, सांगलीकडं वाकळ म्हणतात. पिल्लांची आई तिच्यावरच झोपायची, अज्जीने त्यातलाच एक तुकडा टरकन फाडून दिला. कुणाच्या तरी जुन्या इरकलीचे तुकडे होते तिच्यात, काठ अजून दिसत होता, आणि वास असा की गाडीची काच उघडावी लागली. मी ती क्रेटमध्ये घातली. पुस्तकात वाचलेलं होतं की आईच्या वासाचं कापड आणावं, पण मला कुणाला मागायला सुचलं नव्हतं.

क्रेटमध्ये पिल्लू साडेसात मिनिटं राहिलं. मी घड्याळात बघितलं. मग जे रडणं सुरू झालं, बारीक, एका सुरात, श्वास घ्यायलासुद्धा न थांबता, की नाना म्हणाले घे गं थांबव गाडी. तिथनं ते पिल्लू जे त्यांच्या मांडीवर आलं ते निफाडपर्यंत. अथणीच्या अलीकडं ती ओकली, शालीवर. मिरजेच्या आधी मुतली, पायजम्यावर. नानांनी आयुष्यात कधी स्वतःचा चहाचा कप विसळलेला मी बघितला नव्हता, ते रस्त्याकडेला उभे राहून बाटलीच्या पाण्यानं शाल धुवत होते आणि पिल्लाला सांगत होते, "असू दे, असू दे, तुला काय माहीत."

नाव कृष्णेच्या पुलावरच ठरलं होतं. मी म्हटलं पंढरपूरवरनं आलोय तर काहीतरी तिथलं ठेवू. नाना म्हणाले नामा ठेवलं असतं, पण पोरगी आहे. मग थोडं थांबून, "जनी." मी म्हटलं आई चिडतील. ते म्हणाले, "चिडली तरी हाक मारताना जनाबाईचंच नाव निघेल तोंडातनं, मग कशी चिडेल?"

सांगलीत जेवायला थांबलो. म्हणजे आळीपाळीनं, एकानं गाडीत पिल्लू धरायचं, दुसऱ्यानं खायचं, जमिनीवर ठेवायचं नाही. मी भडंग घेऊन परत येते तर नाना पिशवीतनं एकेक बेदाणा तोंडात टाकतायत, आणि जनी खाली पायाशी पडलेलं काहीतरी चघळतेय. मी काय केलं मला आठवत नाही, भडंगाची पिशवी कुठं टाकली तेही नाही, फक्त तिचा जबडा उघडून बोट घशापर्यंत घातलेलं आठवतंय, आणि बोटाला लागलेला तो चिकट, अर्धा चावलेला, हिरवट-पिवळा बेदाणा. सुयांसारखे दात, बोटातनं रक्त.

नानांना माहीत नव्हतं. आमच्याकडं निम्म्या लोकांना माहीत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहितेय. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विष आहे, किडनी जाते. किती खाल्लं तर, याचं ठरलेलं प्रमाण नाही, एखादं कुत्रं घडभर खाऊन हिंडतं आणि एखादं चार मण्यांत जातं. बेदाण्यात सगळं आटून आलेलं असतं त्यामुळे तो अजून वाईट. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले पोटात गेला नसेल तर घाबरू नका, पण दोन दिवस उलटी, सुस्ती, लघवी यांच्यावर लक्ष ठेवा, आणि काही वाटलं तर वाटेत थांबून डॉक्टर गाठा. द्राक्षातलं टार्टरिक ॲसिड याला कारण असावं असं आता मानतात, हेही त्यांनी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. नानांना ॲसिड कळतं, ब्रिक्स (द्राक्षातल्या साखरेचं माप) कळतं, आयुष्यभर तेच मोजलंय त्यांनी. ते एकदम गप्प झाले. मग पिशवी उचलली, गाडीतनं उतरले, रस्त्यापलीकडं एका म्हातारीचं भाजीचं दुकान होतं तिच्याकडं दोन्ही किलो बेदाणे देऊन आले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "बागेला कुंपण करावं लागेल. आतनं." साठ वर्षं बाहेरच्यांपासनं द्राक्षं राखली, आता द्राक्षांपासनं कुत्रं राखायचं.

पुढचा रस्ता तसा पेठ नाका, कराड, सातारा, सरळ हायवे. ऊन उतरलं तशी थंडी गाडीत शिरायला लागली आणि जनी थरथरायला लागली, हीटर लावला की धापा टाकायची, बंद केला की थरथर. शेवटी साताऱ्याच्या पुढं एका टपरीवर गरम पाण्याची पिशवी भरून घेतली, तिला मफलर गुंडाळला, आणि नानांनी स्वेटरची तीन बटणं उघडून पिशवी, कौदी आणि जनी असं सगळं आत घेतलं आणि वरनं बटणं लावली. खंबाटकीच्या बोगद्यात दिव्यांचे पट्टे सरकत होते तेव्हा मी बघितलं तर स्वेटरच्या गळ्यातनं फक्त एक नाक बाहेर.

विचार होता पुण्यात मुक्काम करायचा. दोन लॉजवाल्यांनी आधी हो म्हटलं आणि स्वेटर हलताना बघून नाही म्हटलं. मग म्हटलं मरू दे, चालवते. चाकणचं ट्रॅफिक, त्याबद्दल पण मी काही लिहीत नाही. आळेफाट्याला चहा, परत पिशवी भरली.

नारायणगाव ते संगमनेर रात्रीचं, दोन्हीकडं ऊस, हा सगळा बिबट्यांचा मुलूख. नाना काचेबाहेर बघत होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "मोटारीच्या खोलीत ठेवू म्हणत होतो मी."

मी काही बोलले नाही.

"दार पक्कं आहे तिथलं. पण गार असतं. आणि तिथं तो पट्टा आहे."

चंदनापुरीचा घाट उतरेपर्यंत शांत. मग म्हणाले, "माझ्या खाटेखाली राहील."

"आणि आई?"

"तिला मी बघतो," असं म्हणाले. अकरा वर्षांत मी त्यांना हे वाक्य तीन-चारदा म्हणताना ऐकलंय, दरवेळी आईंनीच त्यांना बघितलंय.

सिन्नर सोडलं तसं धुकं परत सुरू. घरी पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता, बागेकडं नवऱ्यानं पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर खाली बसलेला, आणि ओट्यावरचा दिवा चालू. आई जाग्या. पदर कानावरनं घट्ट ओढलेला, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा. मी गाडीतनं उतरले तर मला हातानंच बाजूला सारलं. "थांबा तिथंच," नानांना म्हणाल्या. "लांबनं आलंय, लहान जीव आहे, दृष्ट लागते." आणि उंबऱ्यात उभ्या राहून नानांच्या पोटावरनं, म्हणजे स्वेटरवरनं, तो तुकडा तीनदा ओवाळला, पाणी ओवाळलं.

मग थांबल्या. बाळंतीण आली, सून आली की आमच्याकडं तुकडा ओवाळून बाहेर टाकतात, रात्रीतनं कुत्रं खातं. आई तुकडा हातात धरून अंगणातल्या धुक्याकडं बघत राहिल्या, मग स्वेटरकडं.

"आता हा टाकू कुठं?"

बटणांमधनं नाक बाहेर आलं, मग अख्खं डोकं, मान लांब झाली, आणि आईंच्या बोटांतनं तुकडा अलगद गेला. आई हाताकडं बघत राहिल्या आणि तेवढ्यात नाना त्यांच्या बाजूनं उंबरा ओलांडून आत गेले, चपलांसकट.